लाइन चालू, प्रोटोकॉल बंद

सीरियल लाइनीला दोनच टोकं असतात आणि बिघाड नेहमी दुसऱ्या टोकाला असतो. या धंद्यातला हा पहिला नियम. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, पण सुरतेच्या रिंगरोडवरच्या एखाद्या कापड मार्केटातून मुंबईला काळबादेवीच्या पेढीवर फोन लावून पाहा. "आमच्याकडे सगळं ओके आहे, तुमच्याकडे बघा," हे वाक्य तुमचं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत ऐकू येईल. गंमत म्हणजे सुरतेनेही काळबादेवीला हेच ऐकवायचं ठरवलेलं असतं. दोघंही खरं बोलत असतात. दोघांकडे सगळं ओकेच असतं. मधे अडीचशे किलोमीटर जे काही तांबं, काच आणि हवा पसरलेली असते, तिच्याकडे फोन नसल्यामुळे तिची बाजू कोणी ऐकत नाही, इतकंच.

मी सांगतोय तो काळ 2000 सालाच्या आगेमागेचा. विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी मोठ्या शहरांत इंटरनेट सामान्य माणसाला खुलं केलं, त्याला काही वर्षं लोटली होती. पण सुरतेच्या कापडवाल्या शेठला इंटरनेट नकोच होतं. साऱ्या जगाशी जोडून घेऊन करायचं काय? त्याला फक्त स्वतःच्या जागा एकमेकींना जोडून हव्या होत्या. रिंगरोडची गादी, पांडेसऱ्याची मिल, मुंबईची पेढी. त्यासाठी 64 केबीपीएसची लीज लाइन घेतली जायची. सेकंदाला 64 हजार बिट, म्हणजे एका फ्लॉपीतला माल पलीकडे न्यायला तीन मिनिटं, तीही मधेच कोणी दुसरी फाइल उघडली नाही तर. आज एवढ्या वेगाला घरातली पोरं 'नेट गेलं' म्हणतात. तेव्हा एवढी लाइन सुरू झाली की पेढे वाटले जायचे. गाव सुरत असल्यामुळे पेढ्यांच्या जागी घारी.

सीरियल म्हणजे एकामागे एक. एक बिट पुढे, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. ओव्हरटेक नाही, कडेने घुसणं नाही, उलट्या बाजूने येणं तर नाहीच. सहारा दरवाज्याच्या चौकातून रोज दोनदा जाणाऱ्या माणसाला ही कल्पना पटवणं सोपं नव्हतं. "बधा एक ज लाइनमां?" शेठ विचारायचे. सगळे एकाच रांगेत? हो, शेठ. कोणी मधे घुसत नाही? नाही, शेठ. शेठ बराच वेळ त्या केबलकडे आदराने बघत राहिले.

सीरियल तारेवरून इंटरनेटची पॅकेटं नेण्याची जी जुनी, साधी रीत, तिचं नाव स्लिप. रिक अॅडम्स यांनी ती 1984मध्ये बर्कली युनिक्ससाठी लिहिली. पुढे जॉन रोमकी यांनी जून 1988मध्ये आरएफसी 1055 म्हणून ती कागदावर आणली आणि शीर्षकातच जाहीर केलं की हे काही प्रमाण वगैरे नव्हे. नियम म्हणाल तर दोन. पॅकेट संपलं की 192 हा आकडा पाठवायचा. पॅकेटच्या पोटातच 192 निघाला तर त्याच्या जागी 219 आणि 220 पाठवायचे, म्हणजे पलीकडच्याला पॅकेट संपल्याचा भास होत नाही. पोटात 219 निघाला तर 219 आणि 221. झालं. पाठवणारा कोण, वाटेत काही सांडलं का, पोचलं ते धड आहे का, कशाचीही चौकशी नाही. पत्ता लिहायला तर जागाच नाही. तारेला टोकं दोनच, इकडून निघालं ते तिकडेच जाणार, मग पत्ता कशाला? आपल्याकडे जुन्या घरांत नवरा-बायकोने एकमेकांना नावाने हाक न मारता आख्खा संसार केला, तो याच प्रोटोकॉलवर. 'अहो' म्हटलं की एकच माणूस मान वर करायचा. घोटाळा व्हायचा तो दिवाळसणाला जावई घरात आल्यावर. तोही कुणाचा तरी 'अहो'च. तारेच्या पलीकडे एकटं मशीन न राहता भरलेलं ऑफिस आलं, की नेमकी हीच अडचण उभी राहते आणि तिला राउटिंग म्हणतात.

स्लिपच्या मागून पीपीपी आला, जुलै 1994चा आरएफसी 1661. हा शिकलेला. पॅकेट धड आलं का ते तपासतो, पासवर्ड मागतो, आधी दोन्ही टोकांमध्ये वाटाघाटी करवतो आणि मगच कामाला लागतो. त्याच्या चौकटीत पत्त्यासाठी जागाही राखून ठेवली आहे. तिथे कायम एकच आकडा असतो, 255, आणि त्याचा अर्थ 'सर्व स्थानकांनी ऐकावे' असा. तारेवर दुसरं स्थानक एकच. तरी प्रत्येक पॅकेटला आपलं 'सर्वांनी ऐकावे'. अर्थात ही जागा गाळून टाकायचं वाटाघाटीत ठरवता येतं, एवढा व्यवहार त्याला कळतो.

हे सगळं आता इतिहासजमा झालं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी पांडेसऱ्यातल्या किंवा सचिनच्या जीआयडीसीतल्या एखाद्या मिलच्या पॅनलरूममध्ये डोकावावं. वर ऑफिसात फायबर पोचलंय. खाली विजेचे मीटर आणि बॉयलरचे कंट्रोलर अजून आरएस-485च्या दोन तारांवरून एकामागे एक बोलतात, आणि बोलतात ती मॉडबस भाषा 1979 सालची. त्या दोन तारांना ए आणि बी म्हणतात. एका कंपनीचा ए हा दुसऱ्या कंपनीचा बी असू शकतो, हे कुठलाही विक्रेता सांगत नाही. तारा उलटसुलट करून पाहिल्या की आपोआप कळतं. जुन्या नऊ पिनांच्या पोर्टात बोलायची पिन 3 आणि ऐकायची 2. दोन संगणक सरळ केबलने जोडले तर दोघंही एकाच तारेवर बोलत सुटतात आणि ऐकण्याची तार रिकामी राहते. म्हणून केबल मधे उलटवावी लागते. नव्याकोऱ्या राउटरशी पहिली ओळखसुद्धा अजून फिक्या निळ्या केबलने आणि 9600च्या गतीनेच होते. लॅपटॉपला ते पोर्ट उरलेलं नाही, म्हणून बॅगेत यूएसबीचा कन्व्हर्टर. गती चुकली की स्क्रीनवर जे उमटतं ते पृथ्वीवरच्या कुठल्याच लिपीत नसतं, पण मागे उभे असलेले शेठ निराश होत नाहीत. "कंईक तो आवे छे ने," म्हणतात. काहीतरी येतंय ना!

आता मूळ दुखण्याकडे. लीज लाइनवरच्या राउटरला तब्येत विचारली की तो एका ओळीत उत्तर देतो, 'सीरियल चालू, लाइन प्रोटोकॉल बंद'. या ओळीचे दोन तुकडे आहेत आणि धंद्यातलं निम्मं भांडण या दोन तुकड्यांच्या मधल्या स्वल्पविरामावर चालतं. पहिल्या तुकड्याचा अर्थ, मॉडेमकडून सिग्नल येतोय, तार जागेवर आहे. दुसऱ्याचा अर्थ, तारेवरून पलीकडचं कुणी ओ देत नाही. राउटर दर दहा सेकंदांनी पलीकडे एक हाक घालतो. लागोपाठ तीन हाका वाया गेल्या की तो स्वतःशी ठरवतो की पलीकडे कोणी नाही, आणि दुकान बंद करतो.

"भाऊ, लाइन चालु छे के बंध?" शेठ गादीवरून विचारतात. सुरतेत मराठी माणसाचं नाव काहीही असो, तो 'भाऊ' असतो.

"लाइन चालू आहे शेठ. प्रोटोकॉल बंद आहे."

"एटले? चालु के बंध?"

"अर्धं चालू समजा."

"तो भाडुं अडधुं भरीए?"

वर्षाचं भाडं आगाऊ भरलेलं असल्यामुळे हा विचार शेठना फार उशिरा सुचला होता, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर त्यांनी जे उद्गार काढले त्यांतलं क्रियापद सोडून काहीच छापता येणार नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, यात राग नसतो. सुरती बोलीत शिवी ही विरामचिन्हाच्या जागी येते.

प्रोटोकॉल बंद पडायची कारणं बरीच. दोन टोकांच्या भाषा वेगळ्या असू शकतात. सिस्कोच्या राउटरला कुणी काही सांगितलं नाही तर तो सीरियलवर आपल्या घरच्या एचडीएलसीत बोलतो आणि दुसऱ्या कंपनीच्या राउटरला त्यातलं अक्षर कळत नाही. तार चांगली, मॉडेम चांगला, दोन्ही राउटर नवे, आणि एकमेकांशी अबोला. कधी मॉडेम घड्याळाचे ठोके देत नाही. आणि कधी कोणीतरी लूप टाकून विसरतो, ही माझी सर्वांत आवडती तऱ्हा.

लूप म्हणजे इकडून गेलेलं वाटेतूनच उलट इकडे वळवणं. तार कुठपर्यंत ठीक आहे हे तपासायला त्याच्याइतकी चांगली युक्ती नाही. एक्स्चेंजला फोन लावायचा, "साहेब, लूप देता का?" पलीकडून, "कुणाकडे तोंड करून?" इकडे तोंड करून, तिकडे तोंड करून असं करत करत सुरतेच्या एक्स्चेंजपासून मुंबईपर्यंत एकेक मुक्काम तपासत जायचं. मॉडेमवरचे दिवे मोजायचे, टीडी लुकलुकतोय, आरडी लुकलुकतोय, सीडी स्थिर आहे. सगळं नीट निघतं. आता गंमत अशी की लूप काढायला कोणीतरी विसरतो आणि चहाला जातो. इकडे राउटरच्या हाकेला तत्काळ ओ मिळू लागते, कारण त्याचीच हाक परत येत असते. राउटर खूश, प्रोटोकॉल चालू. ओळीच्या शेवटी कंसात बारीक अक्षरात 'लूप्ड' लिहिलेलं असतं, ते शेठ वाचत नाहीत. पोराला घारी आणायला पिटाळतात.

सुरतेतल्या या सगळ्या कारभाराचे खरे जाणकार म्हणजे लाइनमन. आमच्या मार्केटच्या भागात येणारे लाइनमन मूळचे नंदुरबारकडचे. लिंबायत, डिंडोली, उधना हा पट्टा खानदेशी माणसांनी भरलेला. महापालिकेच्या शाळांमध्ये मराठी माध्यमही आहे. जळगाव-नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसलेला माणूस उधन्याला उतरला की दोन पिढ्या परत जात नाही. लाइनमन सायकलला पिशवी अडकवून यायचे आणि उतरायच्या आधीच विचारायचे, "काय व्हयनं भाऊ?" काय झालं हे ऐकून घ्यायची मात्र त्यांना गरज नसायची. ते सरळ मार्केटच्या मागच्या पिलरकडे जायचे.

पिलर म्हणजे फुटपाथवरचं ते लोखंडी कपाट, ज्याच्यावर पानाच्या पिचकाऱ्या असतात आणि ज्याला टेकून पोटलेवाले विडी ओढतात. त्याचं दार उघडलं की आत शेकडो जोड्या. निळी-पांढरी, नारिंगी-पांढरी, हिरवी-पांढरी, आणि उन्हापावसाने सगळ्यांचा मिळून झालेला एक राखाडी. कागदाच्या चिठ्ठ्या कधीच्या गळून गेलेल्या. वरच्या कोपऱ्यात पालीचं बिऱ्हाड. लाइनमन बटचा, म्हणजे त्या चिमटेवाल्या फोनचा, एकेक चिमटा जोडीला लावत जायचे आणि कान देऊन ऐकायचे. एका जोडीवर कुणीतरी साडीचा भाव पाडून मागत होता. ती जोडी आमची नव्हती हे पहिल्या शब्दाला कळलं होतं, पण भाव ठरेपर्यंत लाइनमनने चिमटा काढला नाही. मग पुढच्या जोडीवर ते थांबले. कुठल्याही मीटरशिवाय, नुसत्या त्या खरखरीवरून म्हणाले, "पानी जायेल शे." जॉइंटची बाही कापली तर आत खरंच तांब्यावर हिरवा थर चढलेला. त्यांनी कुजलेला तुकडा छाटला, दाताने नव्या टोकांचं प्लास्टिक सोललं, दोन तारांना पीळ दिला, जेली भरली आणि सायकलला टांग मारली. लाखाच्या राउटरने जे सांगितलं नाही ते एका कानाने सांगितलं. तो कान पेन्शनीत गेला तेव्हा त्याच्या जागी कोणतंही यंत्र आलं नाही.

बिघाड कुणाच्या हद्दीत, हा आमच्या धंद्यातला पानिपताचा विषय. मॉडेमच्या मागचं सॉकेट ही सरहद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे लाइन देणारं खातं. लाइनमनना या वादाचं कौतुक नव्हतं. त्यांची गावाकडची गाडी नवापूरला थांबायची. त्या स्टेशनच्या मधूनच महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. तिथे एक बाकडं असं आहे की अर्धं एका राज्यात, अर्धं दुसऱ्यात. अशा बाकड्यावर बसून वडापाव खाल्लेल्या माणसाला तुम्ही सॉकेटची हद्द काय सांगणार?

तर तार जोडली गेली, प्रोटोकॉल उठला. आता पिंग. हे हत्यार माइक मूस या अमेरिकन माणसाने डिसेंबर 1983मध्ये, नेटवर्क विचित्र वागतंय म्हणून एका संध्याकाळी लिहून काढलं आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. एक छोटं पॅकेट पाठवायचं आणि ते परत येतंय का पाहायचं. आमच्या राउटरवर पॅकेट परत आलं की उद्गारचिन्ह उमटतं, नाही आलं तर टिंब. मी मुंबईच्या राउटरला पिंग केलं. पाचही उद्गारचिन्हं. शेठनी इंग्रजी वाचलं नाही तरी उद्गारचिन्ह त्यांना कळतं. सुरतेच्या दिवाळी सेलच्या पाटीवर याहून कमी नसतात. जाता जाता एक मौज सांगतो. या जुन्या राउटरवर तुम्ही स्वतःच्याच सीरियल पत्त्याला पिंग केलं, तर ते पॅकेट आधी तार ओलांडून मुंबईला जायचं आणि तिथून परत यायचं. मी जिवंत आहे की नाही हे मला काळबादेवीकडून कळणार. मराठी माणसाला यात नवीन काही नाही.

शेठ उठून उभे राहिले. तेवढ्यात आतून मेहताजी म्हणाले, "मुंबई देखातुं नथी."

दिसत नाही? राउटरवरून तर दिसतंय. मेहताजींच्या मशीनवरून नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर मुंबईच्या सर्व्हरला हाका मारतंय आणि पलीकडे सन्नाटा. राउटरवरून पुन्हा पिंग, पाच उद्गारचिन्हं. मेहताजींच्या मशीनवरून पिंग, चार वेळा 'वेळ संपली'. इथे नवशिका माणूस केबल बदलतो, मग नेटवर्क कार्ड बदलतो, मग विंडोज नव्याने टाकतो, आणि शेवटी मेहताजी बदलायची शिफारस करतो.

खरी गोष्ट साधी आहे, पण तिच्याकडे कोणी बघत नाही. समजा सुरतेचं ऑफिस 10 नंबरचं, मुंबईचं 20 नंबरचं आणि मधली तार 30 नंबरची. तारेच्या वाट्याला चार पत्ते, त्यातले वापरण्याजोगे दोन, एकेका टोकाला एकेक. राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा पाठवणारा म्हणून तारेवरचा, 30 नंबरचा पत्ता लिहितो. मुंबईच्या राउटरचं एक टोक त्याच तारेत असल्यामुळे त्याला तो पत्ता ओळखीचा; उत्तर तत्काळ. मेहताजींच्या मशीनचं पॅकेट मात्र 10 नंबरहून आलेलं. ते मुंबईला व्यवस्थित पोचतं, सर्व्हर त्याचं उत्तरही तयार करतो आणि मुंबईच्या राउटरच्या हातात देतो. आणि मुंबईचा राउटर विचारात पडतो, 10 नंबर? हे कुठे आलं? त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मग ज्या पॅकेटचं काय करायचं ते कळत नाही त्यांच्यासाठी जो दरवाजा ठेवलेला असतो, तिकडे तो ते ढकलतो. मुंबईत तो दरवाजा इंटरनेटकडे उघडत होता. मेहताजींचा सकाळपासूनचा हिशेब जगाच्या दिशेने निघून गेला होता, आणि असे खाजगी नंबर पाहिले की इंटरनेटवाला ते टोपलीत टाकतो.

मुंबईच्या साहेबांना फोन केला.

"तुमची पॅकेटं येताहेत. मी बघतोय ना स्क्रीनवर. आमच्याकडे ओके आहे."

"उत्तर जातंय का?"

"जातंय की!"

"कुठे?"

पलीकडे एसटीडीचे चार-पाच पल्स पडतील एवढी शांतता.

जाण्याची सोय सगळे करतात, परतीची कोणाच्या ध्यानात येत नाही. तसं पाहिलं तर सुरतेत उभं राहून परतीच्या रस्त्याविषयी बोलण्याचा मराठी माणसाला इतिहाससिद्ध अधिकार आहे. 1664च्या जानेवारीत आणि 1670च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराज इथे येऊन गेले. दुसऱ्या खेपेला परतीच्या वाटेवर दाऊदखान आडवा आला, वणी-दिंडोरीजवळ लढाई झाली, आणि तरी सुरतेचा माल ठरल्या जागी पोचला. कारण वाट आधी आखलेली होती. हे उदाहरण मी साहेबांना दिलं, शेठसमोर दिलं नाही. साडेतीनशे वर्षांच्या आतले विषय सुरतेच्या गादीवर जपून काढावेत.

साहेब हुशार होते, म्हणजे त्यांनी माझं बोलणं पुरं ऐकलं नाही. "समजलं," म्हणाले आणि काय करावं, तर मुंबईच्या राउटरला सांगून टाकलं, ज्याचं काही कळत नाही ते सगळं सुरतेकडे पाठव. सुरतेच्या राउटरला आधीपासून सांगून ठेवलेलं होतं, ज्याचं काही कळत नाही ते सगळं मुंबईकडे पाठव. मेहताजींचं काम एका क्षणात सुरू झालं. शेठ प्रसन्न. आणि मुंबईतल्या आख्ख्या ऑफिसचं इंटरनेट बंद.

कारण आता मुंबईत कुणी परदेशातल्या पार्टीची मेल उघडायला गेला की त्याचं पॅकेट सुरतेला यायचं. सुरत म्हणायची, हे आमचं नव्हे, मुंबईला न्या. मुंबई म्हणायची, आम्हाला नाही ठाऊक, सुरतेला न्या. प्रत्येक पॅकेटच्या कपाळी आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो, दर मुक्कामाला त्यातला एक कमी होतो आणि शून्यावर आला की पॅकेट तिथेच संपवतात. विंडोजवाले हा आकडा 128 लिहितात. 64 केबीपीएसच्या तारेवर 1500 बाइटच्या पॅकेटला एक खेप करायला जवळपास 0.19 सेकंद लागतो. अशा 128 खेपा म्हणजे 24 सेकंद. एका पॅकेटने, कुणाचंही काही काम न करता, शेठच्या लाइनवरून 24 सेकंदांचा प्रवास करायचा आणि मग कुठेतरी मरून पडायचं. आणि पॅकेटं एक नव्हे, सगळ्या ऑफिसची. मॉडेमचे दिवे असे लखलखत होते की चांदनी पडव्याला डुमसच्या किनाऱ्यावर लोक घारी खायला जातात, ते इथेच जमले असते. "जोरदार चाले छे!" शेठ म्हणाले.

रूट ट्रेस करून पाहिला. ट्रेसरूट हे व्हॅन जेकबसन यांचं हत्यार याच मरणाऱ्या पॅकेटांवर चालतं. पहिल्याचं आयुष्य एक मुक्काम, दुसऱ्याचं दोन, तिसऱ्याचं तीन. जो जिथे मरतो तिथून निरोप येतो, त्यावरून वाट कळते. आमच्या स्क्रीनवर सुरत, मुंबई, सुरत, मुंबई अशी यादी उतरत गेली ती तिसाव्या ओळीला प्रोग्रॅमच दमल्यामुळे थांबली. तोवर मुंबईचा फोन आला. "तुम्ही तिकडे काय केलंत? आमचं नेट बंद पाडलंत!"

मग मात्र साहेबांना एकेक अक्षर सांगून एकच ओळ टाइप करवली. 10 नंबरकडे जायचं असेल तर सीरियलने जा, बाकी सगळं पूर्वीसारखं इंटरनेटकडे. एक ओळ. ती सांगायला निम्मी दुपार गेली, कारण "एकशेब्याण्णव डॉट" म्हटल्यावर साहेब "डॉट म्हणजे टिंब ना? ते कुठे द्यायचं?" विचारायचे आणि मधे त्यांचा चहा यायचा. सेव्ह करा, हे तीन वेळा सांगितलं. राउटरला सांगितलेलं सेव्ह केलं नाही तर लाइट गेली की तो सगळं विसरतो आणि रोज संध्याकाळी झाडूवाला नेमका तोच प्लग काढतो.

मेहताजींनी त्या दिवसाचा हिशेब पाठवला. दोन सेकंदांत गेला. शेठनी लगेच मुंबईला एसटीडी फोन लावला, "मळी गयुं?" तिकडून धाकटे शेठ म्हणाले, मिळालं. "बराबर जो. बधुं छे?" सगळं आहे. मग शेठनी मेहताजींना तेच सगळं छापायला लावलं, लिफाफ्यात घातलं, जोडीला फ्लॉपी टाकली आणि रात्रीच्या गाडीने जाणाऱ्या आंगडियाच्या हवाली केलं. लाइन चालू झाल्यावर हे कशाला, असं मी विचारलं नाही. सुरतेचे हिरे आणि रोकड पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसाच्या कमरेला बांधून मुंबईला जाते आणि ज्याची पोच सकाळच्या गाडीने न चुकता परत येते, त्याच्यापुढे माझ्या पाच उद्गारचिन्हांची काय पत?

राहिलं बिल. शेठनी ते चष्मा लावून वाचलं.

"लाइन कोणे करी?"

"लाइनमनने."

"रस्तो कोणे नाख्यो?"

"मुंबईच्या साहेबांनी."

"तो तमे शुं कर्युं?"

"कुठे बिघडलंय ते शोधलं, शेठ. परतीचा रस्ता नव्हता. तो करवून घेतला."

"जवानो हतो?"

"जाण्याचा आधीपासून होता."

"एटले खाली आववानो कर्यो."

"हो."

शेठनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या आकड्यावर एक तिरपी रेघ मारली, खाली त्याच्या निम्मा आकडा सुबक अक्षरात लिहिला आणि चेकबुक पुढे ओढत म्हणाले, "तो वन-वेनुं लो ने, भाऊ."